लेकीला पॅडनं रॅश येतोय, ब्रँड बदलून पण फरक नाही. काय वापरावं?

तासगावची_आई
नमस्कार मैत्रिणींनो, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. लेक १३ वर्षांची आहे, आठवीला, पाळी सुरू होऊन वर्ष झालं. पहिल्यापासून मेडिकलमधून तो वासाचा मोठा पॅड आणते विंग्जवाला. गेले तीन महिने झालं दुसऱ्या तिसऱ्या दिवशी जांघेत लालभडक चट्टे उठतात, पाय फाकून चालते बिचारी, रात्री खोबरेल लावून झोपते. त्यात आमच्याकडचं ऊन माहितीच आहे. दोनदा ब्रँड बदलला, महागातला पण आणून बघितला, तेच. सासूबाई म्हणतात सुती लुगड्याच्या घड्या द्या, आम्हाला कुणाला असलं काही झालं नाही. जाऊबाई पाळीचा कप (रक्त साठवायला आत घालायचा तो) वापरतात त्या म्हणतात कप घे, तर ते ऐकून सासूबाईंना घेरी यायचीच बाकी राहिली. वर व्हॉट्सॲपवर पॅडनं कॅन्सर होतो म्हणून व्हिडिओ फिरतोय. डोकं चालेना झालंय, नेमकं सुरक्षित काय ते कुणीतरी सांगा.

कोरेगावकरीण
ताई आधी तो वासाचा बंद करा. माझ्या धाकट्या बहिणीला सेम असंच व्हायचं, साधा बिनवासाचा आणला आणि दोन महिन्यांत गेलं. वरचा थर कापसासारखा मऊ असतो तो बघून घ्या, ती प्लास्टिकची जाळी असते ना ती घामानं चिकटते आणि घासते. मी तर जनऔषधीतले (सरकारी स्वस्त औषधांचं दुकान) सुविधा नावाचे पॅड वापरते, १ रुपयाला एक. जास्त जात असेल त्या दिवशी जरा लवकर बदलावा लागतो एवढंच. आणि आमचा मेडिकलवाला अजून पेपरात गुंडाळून वर काळ्या पिशवीत घालून देतो, जसं काय मी क्वार्टरच घ्यायला गेलीय 😅

अनामिक_सांगली
पॅडमध्ये केमिकल असतात हे खोटं नाहीये पण. रिपोर्ट आलेला त्याचा. बंदच करा सरळ.

मिरजेची_सिस्टर
रिपोर्ट आलेला, बरोबर आहे. २०२२ ला दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक संस्थेनं बाजारातले १० पॅड तपासले, सगळ्यांत थॅलेट्स (प्लास्टिक मऊ करायला घालतात ती रसायनं) आणि हवेत उडणारी काही रसायनं सापडली, आणि ऑरगॅनिक म्हणून विकले जाणारे पण त्यात होते बरं का. पण सापडलं म्हणजे ते वापरून कॅन्सर झाला असं त्यात कुठं सिद्ध केलेलं नाही, ते व्हिडिओवाल्यांनी जोडलं. काळजी म्हणून वासाचे टाळा, पाकिटावर आयएस ५४०५ लिहिलेलं बघा (भारतीय मानक आहे ते, जुनं १९८० चं होतं ते २०१९ ला बदललं), पाकीट बाथरूमच्या ओलाव्यात ठेवू नका. बास.

आता तासगावच्या ताई, मला खरं काय विचारायचंय ते वेगळंच आहे. ती दिवसात किती पॅड बदलते? शाळेत बदलते का? कारण तीन ब्रँड झाले तरी चट्टे तिथंच येतायत म्हणजे मला ब्रँडवर शंका कमी आणि तासांवर जास्त आहे. चार ते सहा तासांनी बदलायचाच, भरला नसला तरी. ओला पॅड, घाम, वर नायलॉनची चड्डी आणि त्यावर टाईट लेगिंग, असं सात आठ तास ठेवलं तर कुणाचीही कातडी सोलणार. सुती चड्डी द्या. खोबरेल दिवसा पॅडखाली नको. आणि एक हात जोडून सांगते, मेडिकलमधून ते तीन औषधांचं मिक्स मलम आणून लावू नका, त्यात स्टेरॉईड असतं. गजकर्ण असलं तर आधी बरं वाटतं आणि मग मांडीभर पसरतं, आमच्याकडं आठवड्याला अशा पाच सहा पोरी येतात. चट्ट्याची कड उठलेली गोल असेल, पाळी संपली तरी खाज राहत असेल, नाहीतर अंगावरून पांढरं दह्यासारखं जात असेल तर डॉक्टरला दाखवायचं.

कडेगावची_सून
सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत हं ताई! मी कापडीच वापरते, शिवलेले बटणाचे येतात ते. पण कापड चांगलं की वाईट हे धुण्यावर आहे. आधी गार पाण्यात भिजवायचं, गरम घातलं की डाग पक्का बसतो, मग साबणानं धुवायचं, कम्फर्ट वगैरे घालायचं नाही, आणि उन्हात वाळवायचं म्हणजे कडक उन्हात. आमच्या आजी लुगड्याच्या घड्या गोठ्यात वैरणीमागं वाळत घालायच्या, कुणाला दिसू नये म्हणून. धड वाळायच्याच नाहीत त्या. कुणाला काही झालं नाही असं नाही, कुणी सांगितलं नाही. पावसाळ्यात मी पण पॅडवर येते, आठ आठ दिवस ऊन नसतं तेव्हा कापडी पॅडच्या नादी लागू नये.

कराडची_कपवाली
कपच्या बाजूनं लिहिते कुणीतरी लिहायला पाहिजे म्हणून 😄 चार वर्षं झाली वापरते. मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा बघून घ्यायचा, पाळीच्या आधी आणि नंतर पाच मिनिटं उकळायचा, मधल्या दिवसांत पाण्यानं धुवून परत घालायचा, कंपनीप्रमाणं आठ ते बारा तास चालतो. काढताना नुसती दांडी ओढायची नाही, बूड चिमटून हवा सोडायची, नाहीतर जीव वर येतो. ज्यांना तांबी बसवलीय त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, कप ओढताना तांबी निघून येऊ शकते. २०१९ ला लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय मासिकात ४३ अभ्यास एकत्र करून बघितलेलं, गळतीला पॅडएवढाच किंवा त्याहून बरा निघाला. पण मला स्वतःला जमायला तीन पाळ्या गेल्या आणि पहिल्या वेळी बाथरूममध्ये रडले होते. वापरता कुठल्याही वयात येतो, पण १३ वर्षांच्या पोरीला ती स्वतः म्हणाली नाही तर कशाला मागं लागायचं, आणि धुवायला चांगलं पाणी आणि बंद होणारं दार दोन्ही लागतं. माझी मामेबहीण दुष्काळी माण तालुक्यात असते, ती म्हणते आमच्यात प्यायला टँकर येतो, कप कशात धुवू.

तासगावची_आई
सगळ्यांना थँक्यू. सिस्टर, तुम्ही विचारलं म्हणून काल रात्री तिला विचारलं, तर हो बदलते की म्हणाली. मग मी पाकीटच मोजलं. आठाचं होतं, तीन शिल्लक. चार दिवसांत पाच पॅड. सकाळी साडेनऊच्या एसटीनं जाते ती संध्याकाळी सहाला येते, म्हणजे शाळेत एकदा पण नाही. मग खोदून खोदून विचारलं तेव्हा रडायलाच लागली. मुलींच्या दोन संडासांपैकी एकाला कडी नाही आणि दुसऱ्यात पाणी नसतं, बादली पण नाही. टाकायला डबा नाही म्हणून एकदा वापरलेला पॅड वहीच्या कागदात गुंडाळून दप्तरात घालून घरी आणलेला आणि मला न सांगता घंटागाडीत टाकला होता. पाणी पीत नाही शाळेत, लघवीला जायला लागू नये म्हणून. मी तीन महिने ब्रँड बदलत बसले.

मिरजेची_सिस्टर
तुमचं काही चुकलं नाही ताई, पोरी सांगतच नाहीत. पाणी कमी पिणं मात्र थांबवा, नाहीतर युरिन इन्फेक्शन घेऊन याल माझ्याकडं. शाळेत सोय होईस्तोवर मधल्या सुट्टीत एकदा तरी बदलू दे, दप्तरात एक सुती चड्डी, दोन पॅड आणि जुन्या पेपरचे तुकडे वेगळ्या पिशवीत ठेवा.

तासगावची_आई
साधे बिनवासाचे आणलेत. तिची मैत्रीण मधल्या सुट्टीत दाराला बाहेरून धरून उभी राहते म्हणाली. मी सोमवारी हेडमास्तरांना भेटतेय, सोबत दोन मुलींच्या आया यायला तयार आहेत. आमचे हे म्हणाले कडी काय ७०-८० रुपयांची असंल, मीच बसवून येतो. डब्याचं आणि पाण्याचं काय ते तिथं गेल्यावर बघू.