पीआरपी विरळ केसांसाठी, टकलासाठी नाही

तुमच्या भावाला पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) या केसांच्या उपचाराने ‘तीन सिटिंगमध्ये टक्कल भरून येईल’ असं सांगितलंय, ते मला अजिबात पटलं नाही. पीआरपीत आपलंच १०-२० मिली रक्त काढून यंत्रात गरगर फिरवतात. तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो; त्यातला प्लेटलेट्सनी दाट झालेला भाग बारीक सुईने टाळूत टोचतात. मी घेतलंय, कपाळाजवळ चांगलंच झोंबतं. बारीक झालेल्या केसांना त्याने जोर येऊ शकतो, पण गुळगुळीत झालेल्या जागी केस उगवण्याची आशा धरू नका. शिवाय केसांची मुळं आखडवणारं डीएचटी हे हार्मोन पीआरपीने कमी होत नाही. त्यासाठी फिनास्टेराइडसारखं औषध लागतं, तेही त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच. पॅकेजचे पैसे भरण्याआधी टाळू भिंगाखाली तपासून घ्यायला सांगा त्याला.