अनुभव धागा: गाडी, फलाट आणि अपघातानंतरची पहिली पाच मिनिटं

पाचोऱ्याजवळ २२ जानेवारी २०२५ ला काय झालं ते बहुतेकांना आठवत असेल. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, साखळी ओढली गेली, लोक बाजूच्या रुळावर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जण गेले. पुष्पक तिथून निघून आपल्या नाशिकरोडवरूनच पुढे जाणार होती. त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला संदेश आला तो असा: "अक्कल नको का, रुळावर कशाला उतरायचं?" खाली अंगठ्यांची रांग. धुराच्या भीतीने डब्यातून बाहेर पडलेल्या माणसाला, त्यातून तिथे वळण असताना, दुसरी गाडी दिसायला किती वेळ मिळाला असेल, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. मला रात्रभर त्याचाच त्रास होत होता.

म्हणून हा धागा काढतेय. फलाटावर, रुळांजवळ किंवा रस्ता ओलांडताना तुमच्यासमोर काही घडलं असेल तर लिहा. चूक कोणाची, हे ठरवायला आपण इथे जमलेलो नाही. आजूबाजूच्या माणसांनी काय केलं, ती जागा कशी होती आणि आज तिथे काय बदललं पाहिजे, ते सांगा. गेलेल्यांची नावं आणि फोटो कृपया टाकू नका. २०२६-२७ चा सिंहस्थ डोळ्यांसमोर आहे, त्यामुळे गर्दीचे अनुभव तर जरूर लिहा.

पासधारक, नाशिकरोड

पंचवटी एक्स्प्रेस १९७५ ला सुरू झाली. माझे वडील तिने अप-डाऊन करायचे, आता मी करतो. त्यामुळे चालत्या गाडीला लटकणारी माणसं लहानपणापासून पाहत आलोय.

एकदा (स्टेशन सांगत नाही, आपल्याच मार्गावरचं आहे) गाडी सुटताना एक मध्यमवयीन गृहस्थ धावत आले. एका हातात मुलीच्या लग्नाच्या पत्रिकांची पिशवी होती. त्यांनी दुसऱ्या हाताने दांडा धरला, पाय पायरीवरून सटकला आणि ते कमरेपर्यंत डबा आणि फलाट यांच्या फटीत गेले. दारातल्या आम्हा दोघा-तिघांच्या हाताला त्यांचा शर्ट लागला. आतून कोणीतरी साखळी ओढली. गाडी थांबेपर्यंत फलाटावरचा एक हमाल पालथा पडून त्यांच्या काखेत हात घालून धरून होता. तो ओरडत होता, "पाय हलवू नका, भिंतीला चिकटवा!" गृहस्थ वाचले, पायाचं हाड मोडलं.

त्यानंतरचं सांगतो. त्यांना बाकावर टेकवलं तेव्हा भोवती वीस-पंचवीस जण असतील. निम्म्यांच्या हातात मोबाइल होते आणि उरलेले त्यांना रागावत होते. "पुढच्या गाडीने गेला असतात तर काय बिघडलं असतं काका?" तो माणूस थरथरत होता आणि सगळ्यांची माफी मागत होता! पत्रिका गोळा करायला फक्त एक भजीवाली बाई वाकली.

ते का धावले, हेही नंतर कळलं. गाडी कोणत्या फलाटावर येणार ते शेवटच्या क्षणी बदललं होतं. पूल चढून, उतरून ते आले होते. दोन मिनिटांच्या थांब्यात गुडघे दुखणाऱ्या माणसाने काय करायचं?

आमच्या डब्यातल्या मंडळींनी तेव्हापासून दोन गोष्टी पाळल्या आहेत. दारात उभा असलेल्याचे दोन्ही हात मोकळे हवेत, सामान आत द्यायचं. आणि कोणी धावत आला की "या या" म्हणून हात पुढे करायचा नाही. त्या हाताच्या भरवशावर माणूस उडी मारतो. गाडीने वेग घेतला असेल तर "थांबा, राहू द्या" असं ओरडायचं. ऐकायला वाईट वाटतं, पण धावत येणाऱ्याला तेच ऐकू आलं पाहिजे.

परिचारिका, उपनगर

वरच्या दादांच्या हमालाला माझा नमस्कार.

आमच्याकडे अशा केसेस येतात तेव्हा बरंच नुकसान वाटेत झालेलं असतं. लोक मायेने पाणी पाजतात. शुद्ध अर्धवट असेल तर ते श्वासनलिकेत जातं, शिवाय लगेच शस्त्रक्रिया करायची असते. पाणी देऊ नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल, ओढणी, काहीही घेऊन जखमेवर जोराने दाबून धरा आणि "थांबलं का" म्हणून सारखं उचलून बघू नका. हात किंवा पाय तुटला असेल तर तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फ थेट लावायचा नाही. मान किंवा पाठ दुखावल्याची शंका असेल आणि जागेवर दुसरा धोका नसेल तर माणसाला ओढून बसवू नका.

"पोलीस येईपर्यंत हात लावू नका" असं सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक गर्दीत असतो. त्याचं ऐकू नका. रेल्वेच्या मदतीचा १३९ नंबर लावा, स्टेशन मास्तरांकडे कोणाला तरी पळवा आणि रक्त थांबवा. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमाचं संरक्षण आहे. तुमची इच्छा नसेल तर नावही सांगावं लागत नाही.

निवृत्त लोको पायलट, मनमाड

आमची बाजू कोणी विचारत नाही, म्हणून लिहितो.

ताशी ११० ने गाडी असली की सेकंदाला ३० मीटर पुढे जाते. माणूस दिसला, इमर्जन्सी ब्रेक मारला, तरी भरलेली गाडी थांबायला पाऊण-एक किलोमीटर लागू शकतो. आता इगतपुरी-भुसावळ पट्ट्यात काही गाड्यांना १३० ची परवानगी आहे, म्हणजे अंतर आणखी वाढलं. आमच्या हातात ब्रेक आणि हॉर्न, एवढंच असतं. रुळाच्या कडेला 'सी/फा' (सीटी/फाटक) लिहिलेली पाटी असते, तिथपासून फाटकापर्यंत शिटी वाजवत जायचं.

लोक फसतात ते दोन गाड्यांमुळे. एक गाडी धडधडत जाते, ती गेली की माणूस लगेच पाऊल टाकतो आणि तिच्या आवाजात दुसऱ्या रुळावरची ऐकूच आलेली नसते. पूर्वीच्या डिझेल इंजिनाचा आवाज लांबून यायचा. विजेचं इंजिन जवळ येईपर्यंत कळत नाही. कानात इअरफोन असतील तर विषयच संपला.

कोणी गाडीखाली आलं की गार्डला आणि पुढच्या स्टेशनला कळवायचं, नोंद द्यायची आणि बहुतेक वेळा तीच गाडी तशीच पुढे न्यायची. रात्री घरी जेवायला बसलं की समोर ताट दिसत नाही. काही ठिकाणी जमाव इंजिनवर दगड मारतो. त्या जमावाचं दुःख मला समजतं, पण आत बसलेल्या माणसाने ती गाडी थांबवायचा प्रयत्न केलेला असतो हो.

कांदा उत्पादक, लासलगाव परिसर

१३ फेब्रुवारी २०२३ ची पहाट आमच्या भागात कोणी विसरणार नाही. लासलगाव-उगाव दरम्यान रुळाचं काम करणाऱ्या चार ट्रॅकमनना टॉवर वॅगनने (वरच्या विजेच्या तारांची दुरुस्ती करणाऱ्या गाडीने) उडवलं. चारही गेले. ते कामावर होते, त्यांच्या नेहमीच्या जागेवर होते. गाव स्टेशनवर लोटलं, लोकांनी गोदावरी एक्स्प्रेस अडवली.

त्या दिवशी मोबाइलवर अडकलेल्या प्रवाशांचे वैतागलेले निरोप फिरत होते. कोणाची परीक्षा, कोणाचा दवाखाना. त्यांचंही खोटं नव्हतं. पण ज्या रुळावरून आपण शंभरच्या वर वेगाने जातो, तो रूळ थंडी-पावसात, अंधारात तपासणारी ही पोरं आहेत, हे त्या दिवशी बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं असावं. त्यांना तर कोणी "कशाला रुळावर गेलात" म्हणू शकत नव्हतं.

आणखी एक. फाटकं बंद करून खालून भुयारी रस्ते केले, चांगलं केलं. पण पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. मग शाळेची पोरं आणि डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या बाया वरून रूळ ओलांडतात. कलम १४७ चा बोर्ड तिथे आहे, सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड. पाणी उपसायचा पंप बसवा, मग बोर्ड लावा.

दृष्टिहीन प्रवासी, जेल रोड

वांगणीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १७ एप्रिल २०२१, लहान मूल फलाटावरून रुळावर पडलं आणि पॉइंट्समन (रुळांचे सांधे सांभाळणारे कर्मचारी) मयूर शेळके यांनी गाडीसमोर धावत जाऊन त्याला वर उचललं. मिळालेल्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी त्याच कुटुंबाला दिली. त्या माणसाबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे.

पण त्या मुलाची आई दृष्टिहीन होती. देशभर तो व्हिडिओ फिरला तेव्हा मी लोकांचं बोलणं ऐकत होतो. काही जण शेळक्यांचं कौतुक करत होते, काही जण म्हणत होते की अशा बाईने मूल घेऊन एकटीने फिरावंच कशाला. फलाटाची कड कुठे संपते हे त्या माउलीला कळायची सोय होती का, हे विचारणारा मला त्या दिवसांत एकही भेटला नाही.

फलाटावर पिवळ्या खडबडीत फरशांची पट्टी असते. तुम्हाला ती रंगाने दिसते, आम्हाला तळपायाने आणि काठीने. ती पट्टी आमच्यासाठी भिंत आहे. तिच्यावर पार्सलची पोती रचलेली असतात, हातगाड्या उभ्या असतात, प्रवासी बॅगा टेकवून गप्पा मारत असतात. मग मी वळसा घालतो, आणि वळसा कडेच्या बाजूने पडतोय की आतल्या, हे मला कळत नाही. आपल्या भागात मला सांभाळून नेणारे पुष्कळ आहेत, कुली, चहावाले, कॉलेजची मुलं. मदत करताना एवढंच करा: दंड धरून ओढू नका, तुमचा दंड मला धरू द्या.

गृहिणी, इगतपुरी

आमच्याकडे घाटाच्या आधी गाड्या थांबतात. लोक वडे घ्यायला उतरतात, मुलं मागोमाग. गाडी हलली की पालक डब्याकडे धावतात आणि मूल मागे राहतं. खिडकीतून मागवा, नाहीतर एकानेच उतरा.

वकिलाकडे काम करणारा, पंचवटी

या धाग्यात "बघ्यांचं बोलणं" हा विषय निघालाय म्हणून मुद्दाम लिहितो. बघ्याच्या एका वाक्यावर घर उभं राहतं किंवा बुडतं.

रेल्वे कायदा १९८९ चं कलम १२४-अ सांगतं की प्रवासी गाडीतून पडून गेला तर रेल्वेने भरपाई द्यायची, चूक रेल्वेची असो वा नसो. मृत्यूसाठी ही रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख आहे. आत्महत्या, नशा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य अशा काही गोष्टी वगळलेल्या आहेत. चढता-उतरताना पडणं हे या कलमात बसतं आणि त्यात प्रवाशाचा निष्काळजीपणा दाखवून भरपाई नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात स्पष्ट केलं. मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरूनही दावा मोडत नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्र आणि परिस्थितीचे पुरावे द्यायचे, मग ते खोडून काढणं रेल्वेवर येतं.

मात्र रूळ ओलांडताना गेला असं ठरलं तर हे सगळं लागू होत नाही. आणि ते ठरतं कशावरून? बहुतेक वेळा पंचनाम्यावरून. मी एका विधवेची फाईल हाताळली आहे. नवरा दारातून पडला होता. गर्दीतल्या कोणीतरी, ज्याने काही पाहिलंच नव्हतं, पोलिसांना सांगून टाकलं, "रूळ क्रॉस करत होता." ते वाक्य कागदावर आलं. त्याच डब्यातला, प्रत्यक्ष पाहिलेला माणूस शोधून आणेपर्यंत त्या बाईने दोन मुलांना घेऊन दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी केली.

पाहिलं असेल तर सांगा, नाव-नंबर द्या, घाबरू नका. पाहिलं नसेल तर "मी पाहिलं नाही" एवढंच म्हणा.

रामकुंडाजवळ राहणारी, पंचवटी

गर्दीबद्दल विचारलंत म्हणून. २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थाची पर्वणी. रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, ३९ जीव गेले. आमच्या घरात त्या दिवशी पाणी मागायला आलेल्या बायकांच्या हातात चपला होत्या, स्वतःच्या नव्हे, हरवलेल्या नातलगांच्या. नंतर कित्येक दिवस लोक म्हणायचे, भाविकांना शिस्त नाही. उतार, अरुंद बोळ आणि मागून येणारा रेटा असताना पुढच्या माणसाने शिस्त कशी पाळायची? त्याचे पाय जमिनीला टेकलेलेच नसतात.

एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २०१७ ला पावसामुळे माणसं जिन्यावर खोळंबली आणि २३ जण गेले. नवी दिल्ली स्टेशनवर फेब्रुवारी २०२५ मध्ये १८, तेही कुंभाला निघालेले. दोन्हीकडे गर्दी जिन्यावर अडकली होती. सिंहस्थात नाशिकरोडला चढायचा जिना वेगळा आणि उतरायचा वेगळा ठेवा, फलाट ऐनवेळी बदलू नका आणि सूचना मराठी-हिंदीत सावकाश, पुन्हा पुन्हा द्या. स्वयंसेवक नेमणार असाल तर मी नाव देते.

रिक्षाचालक, द्वारका

धागा रेल्वेचा आहे, तरी लिहितो. द्वारका चौकात म्हातारी माणसं अर्धा रस्ता ओलांडून मध्येच अडकतात. मागचे हॉर्न मारतात. आमच्या स्टँडवरचे काही जण अशा वेळी रिक्षा आडवी लावून उभे राहतात, माणूस पलीकडे गेला की काढतात. शिव्या खातो आम्ही, पण चालतं.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. रिक्षावाले दादा, तुमचा अनुभव इथलाच आहे. सिंहस्थाच्या सूचना मी वेगळ्या उतरवून घेतेय, रामकुंडाच्या ताईंशी बोलून निवेदन तयार करू. वकिलाकडे काम करणाऱ्या दादांना एक विचारायचं होतं. माझी आई मला सोडायला फलाटावर येते, तिच्याकडे प्रवासाचं तिकीट नसतं. ती त्या भरपाईच्या कलमात येते का?

वकिलाकडे काम करणारा, पंचवटी

येतात. वैध फलाट तिकीट असलेली व्यक्तीही १२४-अ साठी प्रवासीच धरली जाते, त्यामुळे दहा रुपये वाचवू नका. पासधारकही येतात. मोबाइलवर काढलेल्या तिकिटाची नोंद राहते, तिचा स्क्रीनशॉट घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात करायचा असतो, अपघातापासून एक वर्षाच्या आत. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं.