कोरियन काढा आणि डाएट एकत्र: कुणी घेतलंय का?

भाकरीवाली, पिंपळे सौदागर
वय ४३, थायरॉइडची गोळी रोज पहाटे उपाशीपोटी. डाएट चालू आहे: संध्याकाळी सातला ज्वारीची अर्धी भाकरी, पालेभाजी, मुगाचं वरण. वजन थोडं उतरलं आणि आता तिथेच ठाण मांडून बसलंय. वरच्या मजल्यावर कोरियन कुटुंब आहे, नवरा चाकणला कंपनीत. त्या बाईंनी सोलहून स्वतःसाठी आणलेल्या, वजन उतरवायच्या काढ्याची काही सीलबंद पाकिटं मला दिली. पाकीट गरम पाण्यात ठेवायचं, कोपरा कापायचा, प्यायचं. त्यात काय काय आहे त्याची यादी फोनने वाचली: सुकं चेस्टनट, मुळ्याचं बी, ओमिजा, माह्वांग. झाडपालाच आहे सगळा, मग जेवणाआधी सुरू करू का? सासूबाई म्हणतात, त्रिफळा घे आणि गप्प बस.

औषधदुकानवाला, सदाशिव पेठ
थांबा. माह्वांग म्हणजे एफेड्रा, त्यात एफेड्रिन असतं. भूक मरते ती त्यानेच. छाती धडधडते, बीपी चढतं, झोप उडते, तेही त्यानेच. अमेरिकेने २००४ साली सप्लिमेंटमधून ते बंद केलं. थायरॉइडच्या गोळीचा डोस जरा जास्त पडला तरी ठोके वाढतात; त्यात ही भर कशाला? टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, शेवटचं कधी केलंत? आणि दिवसाला चहा किती?

सोलचा माजी भाडेकरू
नोकरीनिमित्त तिकडे होतो. हा काढा दुकानातून उचलून आणत नाहीत. तो 'हानुईसा' देतो, म्हणजे सहा वर्षं शिकलेला, परवानाधारक वैद्य. नाडी बघतो, घाम, झोप, पोट साफ होतं का, सगळं विचारतो. तुमच्या यादीवरून हा 'तेउम-जोवी-तांग' वाटतो. १९व्या शतकात ई जे-मा यांनी माणसांच्या चार प्रकृती मांडल्या, त्यातल्या 'तेउम' या भरदार बांध्याच्या प्रकृतीसाठीचा. आपल्या वात-पित्त-कफवाल्यांना हे परकं वाटू नये. शेजारीण त्या प्रकृतीची असेल, तुम्ही आहात हे ठरवलं कुणी? शिवाय चांगला वैद्य सोबत काय खायचं तेही लिहून देतो, कारण काढा थांबला की भूक परत येते. ती आली की ताटात काय आहे, यावर पुढचं सगळं.

भाकरीवाली, पिंपळे सौदागर
टीएसएच दिवाळीच्या आधी केलेलं. चहा चार कप, आणि ऑफिसखालच्या अमृततुल्यमधला वेगळा, तो मी मोजतच नाही. पाकिटं फ्रीजमध्ये ठेवलीत, उघडली नाहीत. या शनिवारी रक्त तपासून डॉक्टरांना यादी दाखवते. पण पाकिटं परत कशी करू? फार प्रेमाने दिलीत हो.

औषधदुकानवाला, सदाशिव पेठ
डॉक्टरांनी नको म्हटलं, एवढंच सांगा. सोबत डबाभर भाजणीची चकली द्या. आणि तो अमृततुल्यचा चहा साखरेचा असेल, तर वजन का अडलंय ते आधी तिथे शोधा.