आजोबांची स्मरणिका: तारखा कशा जुळवाव्यात?

कळवेकर
आमचे आजोबा, घरातले अण्णा, गेल्या आषाढात (२०२५) गेले. मूळ गाव देवगड तालुक्यात. पोटासाठी मुंबई, मग ठाणे. वागळे इस्टेटमधून टर्नर (लेथवरचा कारागीर) म्हणून निवृत्त झाले. वर्षश्राद्धाला सोळा पानांची स्मरणिका काढायची आहे. शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जून १९२९, जन्मटिपणावर माघ शुद्ध पंचमी, शके १८५२. कुठली धरायची? १९५५ ची पगाराची चिठ्ठी आहे, तिच्यावर ८७-८-० असं लिहिलंय. ते काय? फोटो आणि छपाईबद्दलही सांगा.

जुनं_दप्तर
१ जून ही गुरुजींची तारीख. शाळा जूनमध्ये भरायची आणि जन्मनोंद हाताशी नसली की वय बसवून तीच टाकत. त्या पिढीच्या कितीतरी दाखल्यांवर ती दिसेल. टिपणच धरा.

शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन, पण माघ-फाल्गुनासाठी ७९ मिळवायचे. इथेच सगळे चुकतात आणि १९३० छापून मोकळे होतात. माघ शके १८५२ म्हणजे १९३१ चा जानेवारी. नेमका वार-दिनांक त्या सालच्या पंचांगातून काढा. म्हणजे अण्णा गेले तेव्हा पूर्ण चौऱ्याण्णव वर्षांचे होते. निवृत्तीचं साल मात्र दाखल्यावरच्या तारखेनेच ठरलेलं असणार, तिथे टिपण लावू नका.

८७-८-० म्हणजे रुपये-आणे-पै, आजच्या हिशोबात साडेसत्त्याऐंशी रुपये. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. स्मरणिकेत चिठ्ठीचा फोटो छापा आणि खाली हा उलगडा द्या. नातवंडांना आठ पैसे वाटतील.

नोकरीची वर्षं पीएफच्या चिठ्ठ्या आणि ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) कार्डावरून लावा. ती नसतील तर ग्रॅच्युइटीचा कागद शोधा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६. मिळालेल्या रकमेला या आकड्याने भागलं की सेवेची वर्षं निघतात. रक्कम कमाल मर्यादेला टेकली असेल तर उत्तर कमी येईल.

जन्मस्थळ ‘जि. सिंधुदुर्ग’ लिहिणार असाल तर थांबा. तो जिल्हा १ मे १९८१ ला झाला. अण्णांच्या जन्मी देवगड रत्नागिरी जिल्ह्यात होतं, जुने कागद तसेच मिळतील.

नौपाडा_प्रेस
काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो दात साफ करायच्या दोऱ्याने मागून हळू सोडवा. पासपोर्ट फोटो ६०० डीपीआयला घेतला की ३०० ला छापताना दुप्पट आकार मिळतो. पानभर हवा असेल तर १२०० ला घ्या.

ए-५, सेंटर पिन (मधोमध पिना मारून बांधणी), त्यामुळे पानं चारच्या पटीतच. आतला कागद १०० जीएसएम (जाडीचं माप), कव्हर २५०. जुना मजकूर श्रीलिपीत (जुनी फॉन्ट पद्धत) असेल तर युनिकोडमध्ये आणल्यावर रफार आणि ‘ऱ्य’ हमखास बिघडतात. ‘चौऱ्याण्णव’ दोनदा तपासा. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करा आणि छपाईआधी एक प्रत कागदावर काढून घरातल्या सर्वांत वयस्क माणसाकडून वाचून घ्या. नात्यांच्या चुका त्यांनाच सापडतात.

यंदा अधिक ज्येष्ठ आहे. गेल्या वर्षी ६ जुलैला आलेली आषाढी एकादशी या वर्षी २५ जुलैला आहे. तेव्हा वर्षश्राद्धाची तारीख पूजा सांगणाऱ्या गुरुजींना विचारूनच कव्हरवर घाला.

शॉप_फ्लोअर
मजकुराबद्दल एकच. ‘अपार कष्ट केले’ हे वाक्य नको, त्यात माणूस दिसत नाही. पहिल्या पाळीला ते घरून किती वाजता निघत, डब्यात काय असे, ओव्हरटाइमचे पैसे गावी मनीऑर्डरने जात का, हे आजी किंवा आत्यांना विचारा. एकेकीला वेगळं बसवून विचारा. एकत्र बसल्या की मोठी बोलते आणि बाकीच्या माना डोलावतात.

कळवेकर
मनापासून आभार. त्यांचा मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) सापडलाय, लाकडी पेटीत. गंज आहे. फोटोआधी पॉलिश करू?

शॉप_फ्लोअर
पॉलिश पेपर अजिबात लावू नका, बॅरलवरच्या बारीक रेघा जातील. हलकं मशीन ऑइल टाका, रात्रभर ठेवा, मऊ सुती कापडाने पुसा. अडकला असेल तर थिंबल (फिरवायची नळी) जोर लावून फिरवू नका. फ्रेमच्या मागे बघा, टर्नर लोक आपली आद्याक्षरं तिथे कोरत. असली तर बाजूने तिरका उजेड पाडून फोटो घ्या, अक्षरं उठून दिसतील. आणि पेटी उघडी ठेवून घ्या, आतल्या खाचेवर हाताचं तेल लागून आलेला काळेपणा असतो, तो पुसू नका.