२४ तास थांबू नका

तुमचे वडील सकाळी दादरच्या घरातून बाहेर पडले, स्मृतिभ्रंश आहे, आणि चौकीत '२४ तास वाट बघा' म्हणाले, हे वाचून राहवलं नाही. असा कुठलाही नियम नाही. आत्ताच्या आत्ता जाऊन बेपत्ता नोंद करा, आजाराचे कागद दाखवा आणि नोंदीची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. रेल्वे पोलिसांकडे वेगळं कळवा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ हेल्पलाइनही आहे.

माझे मामा असेच गेले होते. आम्ही दिवसभर गल्लीबोळ पालथे घातले आणि ते लोकलमध्ये बसून कसाऱ्याला पोचले होते. फलाटाच्या टोकाच्या बाकावर, एका पायात चप्पल, हातात चाळीस वर्षांपूर्वीच्या गिरणीच्या पाळीचा डबा असावा तशी घट्ट धरलेली रिकामी पिशवी. म्हणून शेवटची स्टेशनं आधी बघा: कर्जत, खोपोली, कसारा, पनवेल, विरार, डहाणू. आणि जुनं घर, जुनी नोकरी. पाय तिकडेच वळतात.

केईएम, सायन, नायर, जे.जे. या रुग्णालयांत नाव विचारून भागत नाही, 'अनोळखी' म्हणून दाखल झालेले विचारा. जमलं तर स्वतः वॉर्डात जाऊन बघा, कारण दाढी वाढलेला, रुग्णालयाचा गाऊन घातलेला माणूस फोटोवरून ओळखू येत नाही.

अंगावर कोणता शर्ट होता ते इथे लिहा. मी ठाण्यात आहे, संध्याकाळी कल्याणपर्यंतचे फलाट बघून येते.