ग्लुकॅगॉनवालं वजनाचं इंजेक्शन चीनमधून मागवावं का?

वैशाली_सांगली
नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण पूर्ण वाचा प्लीज. आमच्या ह्यांचं वय ४४, वजन १०६, डायबेटीस आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे आणि आता सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड टू आलंय. दारूला शिवत पण नाहीत. डॉक्टर म्हणाले वजन उतरवायलाच हवं, मौंजारोचं इंजेक्शन त्यांनीच सुचवलं. पण माझा भाऊ शांघायला नोकरीला असतो, तो म्हणतो तिकडे मॅझ्ड्युटाइड म्हणून नवीन आलंय, आठवड्याला एक, दोन हार्मोनचं काम एकातच आणि लिव्हरची चरबी पण उतरते, दिवाळीला येताना घेऊन येतो. हे लगेच तयार, म्हणे इथलं कशाला सुरू करायचं, थांबू की दिवाळीपर्यंत. मी वाचत बसले तर त्यातला एक हार्मोन ग्लुकॅगॉन निघाला. अहो ग्लुकॅगॉन तर शुगर वाढवतं ना? शुगर एकदम खाली गेली की तेच टोचतात. मग डायबेटीसच्या माणसाला हे कसं चालेल? मला खरंच काही सुचत नाहीये.

बायोकेम_मेधा
वैशालीताई, शंका अगदी बरोबर आहे. ग्लुकॅगॉन लिव्हरला साखर सोडायला लावतं हे खरंच, पण त्याचं तेवढंच काम नाही. लिव्हरमधली चरबी जाळायला लावणं, भूक कमी करणं आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च वाढवणं हे पण ते करतं. एकटं दिलं तर शुगर चढेल, म्हणून जोडीला जीएलपी-१ या आतड्यातल्या हार्मोनची बाजू ठेवलीय, ती शुगर वाढली की इन्सुलिन सोडायला लावते, म्हणजे एकाने चढवलेलं दुसरं सांभाळून घेतं. आपल्या आतड्यात ऑक्सिंटोमोड्युलिन नावाचा हार्मोन मुळातच असतो जो ही दोन्ही कामं करतो, त्याच्याच धर्तीवर मॅझ्ड्युटाइड बनवलंय. चीनमध्ये जून २०२५ ला वजनासाठी मंजुरी मिळाली आणि नंतर त्याच वर्षी टाइप टू डायबेटीससाठी पण. त्यामुळे शुगरवाल्यांना चालतच नाही असं नाही.

पण एक गोष्ट नीट बघा. मौंजारो म्हणजे टिर्झेपाटाइड, ते पण दोन हार्मोनवालंच आहे, फक्त तिथे जीएलपी-१ सोबत ग्लुकॅगॉन नसून जीआयपी हा आतड्यातलाच दुसरा हार्मोन आहे. आणि लिव्हरसाठी थांबायचं म्हणाल तर टिर्झेपाटाइडचा पण अभ्यास झालाय, २०२४ ला आला, लिव्हरला चरबीसोबत सूज असलेले १९० पेशंट, ५२ आठवडे. सगळ्यात मोठ्या डोसवर ६२ टक्के लोकांची सूज गेली, तुलनेसाठी औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन दिलेल्यांत १० टक्के. ग्लुकॅगॉनच्या गटातलं सर्व्होड्युटाइड म्हणून अजून एक आहे, त्याच्या अभ्यासात पण मधल्या डोसला ६२ च टक्के लोकांच्या लिव्हरमध्ये सुधारणा दिसली, औषध नसलेल्यांत १४ टक्के. दोन वेगळे अभ्यास आहेत, समोरासमोर लावता येत नाहीत, पण इथे मिळणारं लिव्हरसाठी कमी पडतं असं म्हणायला काही आधार नाही.

राजू_ठाणे
भाऊ स्वतः फार्मसीतून घेऊन येणार, मग खोट्या मालाची भीती कुठे? आणि तिकडच्या सरकारने मान्यता दिलीय ना.

मेडिकलवाला_इचलकरंजी
राजूदादा, माल खरा असेल हो, पण प्रश्न नंतरचा आहे. ही इंजेक्शनं फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला ठेवायची असतात, शांघाय ते सांगली बॅगेत, विमानतळावर, मग गाडीत, मधे बर्फाला चिकटून गोठलं तर वाया आणि वरून बघून कळत पण नाही. आणि हे एकदा टोचून भागत नाही, लहान डोसपासून हळूहळू चढवत न्यावं लागतं. भाऊ चार पेन आणेल, पुढच्या महिन्याचं काय? उलट्या थांबेनात तर इथला कुठला डॉक्टर सांगणार की डोस मागे घ्या का बंद करा? माझ्या काउंटरवर लोक परदेशातून आलेली औषधं घेऊन येतात, लेबल चिनी नाहीतर अरबी, आणि विचारतात हे कसं घ्यायचं. मी हात लावत नाही. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

आणि ताई, ग्लिमेपिराइड चालू आहे हे फार महत्त्वाचं. त्याच्यासोबत यातलं कुठलंही इंजेक्शन सुरू केलं की जेवण कमी होतं आणि शुगर धाडकन खाली जाऊ शकते. डॉक्टर बहुतेक ती गोळी कमी करतील, पण ते त्यांनीच करायचं, तुम्ही घरी नाही.

निखिल_औंध
मी टिर्झेपाटाइड घेतोय म्हणून लिहितो. २.५ मिलीग्रॅमने सुरू होतं, चार आठवडे तेच, मग ५. सुरुवातीला मळमळ आणि बद्धकोष्ठ दोन्ही झालं, तेलकट खाल्लं की हमखास. आमच्याकडे श्रावणात उपवासाला साबुदाणा खिचडी म्हणजे तूप आणि दाण्याचं कूट, ती दोन घासांच्या वर गेलीच नाही. डॉक्टरांनी प्रोटीन आणि वजन उचलायचे व्यायाम दोन्ही सक्तीचे केलेत कारण चरबीसोबत स्नायू पण उतरतात, मोठ्या अभ्यासात उतरलेल्या वजनातला जवळपास पाव भाग चरबी सोडून बाकीचा होता. मटकी, मूग, अंडी, पनीर हे आधी खायचं, भात नंतर. सुरू करायच्या आधी मला फंडस म्हणजे डोळ्याच्या पडद्याची तपासणी करायला लावली आणि घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का ते विचारलं, तुम्ही पण हे करून घ्या. पॅन्क्रियाजला आधी कधी सूज आली असेल तर ते पण सांगा.

अजून एक, २१ टक्के वजन उतरतं म्हणून जो आकडा फिरतो तो डायबेटीस नसलेल्यांचा आहे, ७२ आठवड्यांचा, सगळ्यात मोठ्या डोसचा. डायबेटीसवाल्यांच्या वेगळ्या अभ्यासात तेवढ्याच काळात १४.७ टक्के आलं. १०६ वर ते पण १५ किलोच्या वर होतात, कमी नाही, फक्त आधी माहीत असावं.

वैशाली_सांगली
सगळ्यांचे खूप खूप आभार. ह्यांना शेजारी बसवून वाचून दाखवलं, गोठलं तर वाया हे ऐकून गप्प झाले. भावाला नको म्हणून कळवते. पण हे इंजेक्शन कायम घ्यावं लागतं का? खर्च बघूनच विचारतेय.

बायोकेम_मेधा
ताई, यावर पण अभ्यास झालाय. ३६ आठवडे टिर्झेपाटाइड घेऊन सरासरी २०.९ टक्के वजन उतरलेल्या लोकांपैकी निम्म्यांचं औषध काढून घेतलं. पुढच्या वर्षभरात त्यांचं वजन १४ टक्क्यांनी परत वाढलं, चालू ठेवलेल्यांचं अजून ५.५ टक्के उतरलं. म्हणजे ब्लड प्रेशरच्या गोळीसारखं बघा, बरीच वर्षं चालवायची तयारी लागते. भारतात मार्च २०२५ ला आलं तेव्हा २.५ ची वायल म्हणजे छोटी बाटली ३५०० ला आणि ५ ची ४३७५ ला होती, आठवड्याला एक. आजचा भाव मेडिकलमध्ये विचारा आणि किमान वर्षाचा हिशोब मांडून मगच पहिलं टोचा, मधेच पैशापायी बंद पडलं तर उतरलेलं वजन परत चढेल. आणि हा हिशोब डॉक्टरांसमोरच मांडा, परवडत नसेल तर ते सेमाग्लुटाइड नावाच्या इंजेक्शनचा पण विचार करतील, त्यात एकच हार्मोन आहे पण लिव्हरसाठी त्यालाही अमेरिकेत २०२५ ला मान्यता मिळालीय.