शोभेच्या डमास्कस तलवारीसाठी कोणतं पोलाद घेऊ?

निवांत_नंदा:
नमस्कार मंडळी. बाबांना भेट द्यायला एक तलवार घडवून घेतेय, निव्वळ शोभेची, भिंतीवर टांगायची, कोणी काही कापणार नाही. पातं साधारण ७० सेंमी. नक्षी लांबून उठून दिसली पाहिजे. घडवणाऱ्याने तीन पर्याय दिलेत: १०८४ आणि १५एन२० या दोन जातींच्या पोलादाचे थर एकत्र ठोकून केलेलं नेहमीचं डमास्कस, स्टेनलेस डमास्कस, नाहीतर बाबा जी क्रेन चालवायचे तिचा जुना वायर रोप घरी पडलाय, त्याचंच पातं. बजेट फिक्स आहे आणि स्टेनलेस त्यात बसत नाही, आधीच सांगते. भिंत जरा दमट आहे. काय घेऊ?

गंजमुक्त:
स्टेनलेस, डोळे झाकून. माझ्याकडे डमास्टीलचा चाकू आहे, स्वीडनचं पावडर स्टील, आरडब्ल्यूएल३४ आणि पीएमसी२७ चे थर. सहा वर्षं झाली, एक ठिपका नाही. बजेट थोडं ताणा दादा, भेट काय रोज देतो का आपण.

निवांत_नंदा:
ताई. आणि बसत नाही असं वरच लिहिलंय हो.

ऐरणीवरचा:
१०८४ + १५एन२०, विषय संपला. १५एन२० मध्ये २ टक्क्यांच्या आसपास निकेल असतं, नक्षी उठवायला फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की तो थर अ‍ॅसिडला दाद देत नाही, चकचकीत राहतो, आणि १०८४ मधल्या मँगनीजमुळे तो थर काळाकुट्ट पडतो. दोघांना पाणी द्यायचं, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करायचं, तापमानही जवळजवळ सारखं, ८१५ अंशाच्या आसपास, म्हणून तेलात घालताना भांडत नाहीत. मी एकदा हुशारी करून १०८४ ऐवजी १०९५ घेतलं. त्याला फार झटपट थंड करावं लागतं, तेलात घातलं आणि आतून टिंग असा आवाज आला, काढून बघतो तर धारेवर बोटभर तडा, तीन आठवडे पाण्यात.
थर किती तेही ठरवून घ्या. लोक ५०० थर म्हणून मिरवतात, पण तेवढे केले की लांबून सगळं करडंच दिसतं. ७ थरांचं बिलेट, म्हणजे सांधलेला ठोकळा, पाच वेळा दुमडलं की २२४ होतात, तुम्हाला लांबून बघायचंय तर तीनदाच दुमडायला सांगा, ५६ थर भरपूर झाले.

जुनी_मूस:
मुळात हे डमास्कसच नाही. खरं डमास्कस म्हणजे वुट्झ, मुशीत वितळवलेलं, कार्बन दीड टक्क्याच्या घरात, आणि नक्षी येते ती आतल्या कार्बाइडच्या, म्हणजे लोखंड-कार्बनच्या कडक कणांच्या, ओळींची, थर वगैरे काही नसतात. व्हेर्होवेन हे धातुशास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे पाती घडवणारे, या दोघांनी दाखवलंय की व्हॅनेडियमसारखं काहीतरी अगदी नखभर असल्याशिवाय त्या ओळी धरतच नाहीत. थर डकवून जे होतं त्याला पॅटर्न वेल्डिंग म्हणतात.

ऐरणीवरचा:
आला हा. १९७३ ला बिल मोरन यांनी अमेरिकेत चाकू घडवणाऱ्यांच्या गिल्डच्या शोमध्ये थरांचे चाकू मांडले तेव्हापासून अख्खं जग त्यालाच डमास्कस म्हणतंय. तू बस मूस धरून.

जुनी_मूस:
अख्खं जग चुकत असेल तर मी काय करू.

फसलेला_०७:
मी ऑनलाइन घेतलेली "डमास्कस" तलवार, नक्षी नुसती वरवर छापलेली निघाली. पॉलिश पेपर मारला आणि नक्षी गुल. खरी असती तर घासूनही परत अ‍ॅसिडात घातल्यावर उठली असती. वर मुठीत फक्त एक बारीक सळई वेल्ड केलेली, भिंतीवरून काढताना मूठ माझ्या हातात आणि पातं फरशीवर, पायाच्या अंगठ्यापासून वीतभर लांब. ताई, पोलाद कुठलंही घ्या पण पात्याची शेपटी मुठीत शेवटपर्यंत गेलीय का ते मूठ बसवायच्या आधी डोळ्यांनी बघा. शोभेची असली तरी.

गंजमुक्त:
फरशीवर पडूनही स्टेनलेसला काही होत नाही. स्टेनलेस घ्या.

तेलपाणी:
दमट भिंतीचं कोणी बोललंच नाही. अ‍ॅसिडातून काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून अ‍ॅसिड मारायचं, नाहीतर महिन्याभरात लाल ठिपके येतात. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात. तेलही चालतं पण त्यावर धूळ चिकटते. आणि चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका, ओल धरून ठेवते, माझ्या एका कट्यारीची आख्खी एक बाजू गेलीय तशी.

निवांत_नंदा:
हे कामाचं आहे, धन्यवाद. रोपबद्दल कोणीच काही म्हणत नाहीये?

ऐरणीवरचा:
रोपचं विसरा. सगळ्या तारा एकाच जातीच्या पोलादाच्या, काळं-पांढरं येणार कुठून? नुसत्या सांध्यांच्या रेषा उठतात, सापाच्या कातडीसारख्या. जवळून छान वाटतं, चार पावलांवरून साधी पट्टी.

तेलपाणी:
आणि रोपवर जस्त चढवलेलं असेल तर भट्टीत घालायचाच नाही, धूर विषारी असतो. मधे दोराचा गाभा असला तर तोही काढावा लागतो.

कानसवाला:
१०८४ + १५एन२० ला माझं मत. थर कमी ठेवा.

ऐरणीवरचा:
तेच तर सांगतोय वर.

निवांत_नंदा:
अपडेट. रोपवर जस्त नव्हतं, म्हणून आधी वीतभर तुकडा घडवून घेतला. ग्रीस निघता निघेना, घडवणारा वैतागला. मग कडक इन्स्टंट कॉफीत रात्रभर बुडवून ठेवला, नक्षी उठली, आणि ऐरणीवरचा म्हणाले तसंच, चार पावलांवरून काही म्हणजे काही दिसत नाही. तुकडा टेबलावर विसरले, तो बाबांना सापडला. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. चष्मा लावून नाकाशी धरला आणि म्हणाले, हा रोप आहे ना, पीळ उजवा दिसतोय.
रोपच घेतेय. भिंत रद्द, टेबलावर स्टँड करते. वाचलेल्या पैशात मूठ चांगली होईल, शेपटी आरपार, बघून घेतली.

ऐरणीवरचा:
करा बापडे. एवढ्या लांबीचं पातं रोपमधून नीट सांधायला जीव जातो, एखादा सांधा उघडा राहिलाच तर मी सांगितलं नव्हतं म्हणू नका. फोटो टाका पण.

नवा_सभासद:
धागा पूर्ण वाचला नाही. स्टेनलेस बघितलंत का?